सोमवारचा ताबा

बायको गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिची ट्रंक उघडली. लुगड्यांच्या घड्यांखाली दोन गोष्टी सापडल्या. एक सातारच्या कोर्टाचा शिक्का मारलेला कागद, आणि दुसरी एक दुरेघी वही, पहिली-दुसरीतली पोरं अक्षर वळवायला वापरतात तसली. कागद कधीच उंदरांनी खाल्ला असेल असं मी धरून चाललो होतो. तिनं तो जपून ठेवला होता, वहीच्या मधोमध घालून. मला कधी बोलली नाही.

त्या कागदाची हकीकत सांगतो. त्यात माझं शहाणपण फारसं दिसणार नाही, पण झालं तसं झालं.

आम्ही फलटणकडचे ऊसवाले. बायकोचं माहेर विट्याकडचं. लग्नाला सात वर्षं झाली होती, एक मुलगी होती. दुष्काळ सरून पहिलं बरं पीक हाताला आलं त्या साली माझ्या धाकट्या मेव्हण्याचं लग्न निघालं. मांडवात सासऱ्यानं थोरल्या जावयाला, म्हणजे माझ्या साडूला, जरीचा फेटा बांधला. मला साधा गुलाबी. पहिली पंगत बसली तिच्यात साडू होता, मी नव्हतो. मला दुसऱ्या पंगतीला, शेंबड्या पोरांच्या रांगेत पाट मांडला. पुढ्यात बुंदी पडलेली तशीच सोडून मी उठलो. फेटा काढून खांबाला गुंडाळला आणि चारचौघांत शपथ घेतली की ह्या उंबऱ्याला परत पाय लावणार नाही. बायकोला म्हणालो, चल. ती भावाच्या हळदीच्या गडबडीत होती. म्हणाली, "तुमी व्हा म्होरं. मी पूजा झाली की येते. भूक लागली की राग उतरंल."

मी म्हणालो, आत्ता यायचं तर ये, नाहीतर येऊच नको.

ती आली नाही. मुलगी तिच्यापाशीच राहिली. फेट्याच्या रंगावरून संसार मोडतो हे आज कुणाला सांगितलं तर हसतील. तेव्हा कुणी हसलं नाही. आमच्या भावकीनं तर माझी पाठ थोपटली. मानाला जपणारा गडी म्हणाले. त्यांतल्या एकाच्याही घरची चूल त्या रात्री बंद नव्हती.

पुढं मी सातारला दावा लावला, बायकोनं नांदायला यावं म्हणून. सासऱ्यानं तिच्या नावानं सांगलीला लावला, तिला वेगळं राहू द्यावं म्हणून. एकाच बायकोपायी दोन जिल्हे कामाला लागले. आमच्या कालव्याला एवढी माणसं कधी लागली नाहीत. तारखा पडत गेल्या. शेवटी दोन्ही वकिलांनी कोर्टाच्या दारातल्या हॉटेलात बसून ठरवलं की तडजोड करावी. आम्ही दोघं पक्षकार बाहेर बाकावर पाठीला पाठ लावून बसलो होतो. आत आमची तडजोड भज्यांबरोबर शिजत होती.

तडजोडीत कलमं थोडीच होती. नवरा-बायकोनं वेगळं राहावं. मुलीचा ताबा आईकडं. ताबा हा शब्द मी जमिनीबद्दल ऐकला होता, विहिरीबद्दल ऐकला होता. पोरीचाही असतो हे कोर्टात कळलं. बापानं जून लागल्यापासून आठवड्यातून एक दिवस, अकरा ते पाच, मुलीला भेटावं. आणि सासऱ्यानं हट्टानं घालून घेतलेलं शेवटचं कलम असं, की बाप ओळीनं तीन वेळा आला नाही तर त्याचा भेटीचा हक्क संपला. मी दमेन अशी त्याची खात्री होती.

वकिलानं मला विचारलं, वार कुठला घालू?

मी म्हणालो, सोमवार. विचार करायचं कारणच नव्हतं. आमच्याकडं सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. शिखराच्या महादेवाचा वार, नंदीला सुट्टी. बैल गोठ्यात म्हणजे गडी मोकळा. माझ्या आज्यापासून कुणी सोमवारी नांगर धरला नव्हता.

जज्जसाहेबांपुढं कागद गेला. साहेब शहरगावाकडचे असावेत. चष्म्यावरून बघून म्हणाले, सोमवारच का?

मी म्हणालो, "साहेब, सोमवारी बैल जुपत न्हाईत."

साहेबांनी सासऱ्याकडं पाहिलं. तोही शेतकरी, त्याचेही बैल सोमवारी गोठ्यात. त्यानं मान डोलावली. साहेबांनी बायकोला एकच विचारलं, मान्य आहे का? ती म्हणाली, व्हय. चौथी पास होती ती. कागद वाचता येणारी आमच्यात ती एकटी. मी दुसरीतून शाळा सोडलेली; सही येत होती तेवढी केली. शिक्का बसला.

हे झालं चैत्रात. पोरगी साडेपाच वर्षांची होती. जूनमध्ये तिचं नाव शाळेत घातलं. आणि मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. शाळेला सुट्टी रविवारी असते. सोमवारी शाळा असते. अकरा ते पाच.

एक साहेब, दोन वकील, एक सासरा आणि मी. पाच बाप्यांनी बसून बैलांच्या सुट्टीची व्यवस्था पक्की केली होती. ज्या पोरीसाठी कागद केला तिला सुट्टी कधी असते हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

जूनचा पहिला सोमवार आला. मी पहिली गाडी धरली, दहिवडीवरून विटा, तिथून पायी. शपथ घेतलेली, त्यामुळं सासऱ्याच्या घराकडं गेलो नाही. चावडीपाशी थांबून निरोप धाडला. सासरा स्वतः आला. हातातली तंबाखू मळत म्हणाला, "पाव्हनं, पोर साळंत हाय. तुमी सोमवार मागितला, कोर्टानं सोमवार दिला. घ्या की सोमवार."

मी वकिलाला भेटलो. तो म्हणाला, वार बदलायचा तर समोरच्याची मान्यता लागेल. समोरचा तंबाखू मळत बसलेला. तेव्हा सोमवार राहिला.

पुढच्या सोमवारी मी शाळेत गेलो. एकच खोली, चार वर्ग, एक गुरुजी. मी कागद दाखवला. गुरुजींनी तो दोनदा वाचला. म्हणाले, "सोमवारी पोरीचा ताबा तुमचा, बरोबर. पन हजेरी माझी हाय. न्या. दर सोमवारी न्यायची आसंल तर पोरगी आठवड्याला पाचच दिवस शिकंल."

मी नेली. चिंचेखाली बसलो. तिच्यासाठी गूळ-शेंगा आणल्या होत्या. ती शेंगा खाईना. खोलीतून पोरांचा पाढ्याचा आवाज येत होता आणि ती ओठ हलवून त्यांच्याबरोबर म्हणत होती. मी काही विचारलं की बोट ओठाला लावायची. माझ्याशी बोलली तर पाढा चुकणार होता. वर्षभर तिनं मला पाहिलं नव्हतं, आणि कोर्टानं दिलेल्या सहा तासांत तिला मी अडचण झालो होतो. असेच आणखी चार सोमवार गेले तर पोरगी आपली राहणार नाही हे मला कळलं. भीती वाटली.

तिसऱ्या खेपेला ती चिंचेखाली यायलाच तयार होईना. म्हणाली, "आबा, तुमीच आत या की."

मी व्हरांड्यात बसलो. खिडकीतून डोकावलं की पोरं खिदळायची. दोन सोमवार गुरुजींनी सोसलं. मग म्हणाले, एक तर घरी जा, नाहीतर आत येऊन बसा. खिडकीतला माणूस मला चालणार नाही.

मी आत जाऊन मागच्या रांगेत मांडी घातली. माझं वय तेव्हा चौतीस. शेजारच्या मुलीनं, तिचे पुढचे दात पडलेले, मला विचारलं की तुमी नापास झालाय का. मी हो म्हणालो. खोटं नव्हतं.

गुरुजी फुकट कुणाला बसू देणारे नव्हते. आधी त्यांनी माझ्याकडून कौलं नीट करून घेतली, मग पाण्याचा डेरा भरून घेतला. काम संपलं तेव्हा पाटी हातात दिली. पाटीवरून दिवाळीनंतर वहीवर आलो. पानाच्या माथ्याला वार लिहायचा, तारीख लिहायची, मग गुरुजी सांगतील ते खाली. पोरांच्या वह्यांत सगळे वार होते. माझ्या वहीत पान उलटा, सोमवार. परत उलटा, सोमवार. गुरुजी शेवटी लाल शाईनं सही करायचे. पोरगी माझी वही तपासायची त्याआधी. वेलांटी चुकली की जीभ बाहेर काढून म्हणायची, "आबा, पुन्यांदा." मधल्या सुट्टीत आम्ही दोघं माझी भाकरी खायचो. तिच्या फडक्यात आईनं बांधून दिलेलं असायचं तेही खायचो. हळूहळू त्या फडक्यातली भाकर वाढली. पोरगी लहान, एवढं कसं खाईल, असं मला एकदाही वाटलं नाही. गिळत राहिलो.

गावातले मला सोमवारचा जावई म्हणायचे. आमच्या गावातले म्हणायचे, गड्या, बैल सोमवारी गोठ्यात आणि तू साळंत, दोघं बी बांधलेलंच की रं.

पोरगी बोलायला लागली होती. पाच वाजता चावडीपर्यंत बोट धरून यायची. मला तेवढं पुरत होतं.

संक्रांतीच्या आसपास नोटीस आली. सासऱ्यानं अर्ज केला होता, जावई ओळीनं तीन सोमवार भेटीला आला नाही, सबब कलमाप्रमाणं हक्क संपला असं जाहीर व्हावं. खोटं बोलत नव्हता बरं का. मी त्याच्या दारात आलो नव्हतो. त्याच्या घरात मुलीला भेटलो नव्हतो. शाळेत बसणं ही काय भेट, असं त्याचं म्हणणं. देवाशपथ तो खरा आणि देवाशपथ मी खरा.

वकील म्हणाला, पुरावा आण. एस.टी.ची तिकिटं असतील की.

तिकिटं कुठली? आमच्याकडं एस.टी.च्या तिकिटाची सुरळी करून कान कोरायची रीत आहे. सगळा पुरावा कानात गेला होता.

साक्षीदार बघ म्हणाला. साऱ्या गावानं मला पाहिलेलं. एकेकाला विचारलं. एकाचं सासऱ्याशी बांधाला बांध, एकाची सोयरीक, एकाला सातारची गाडी लागते. गुरुजींकडं गेलो. ते सासऱ्याच्याच खोलीत बिऱ्हाडानं राहत होते. बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिले. मग कपाटातून माझी वही काढली, वह्या शाळेतच राहायच्या, आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, "ही न्या. माजी सही बोलंल. मी न बोललेलं बरं."

तारखेला गेलो. तेच साहेब होते. सासरा आला होता, मेव्हणा आला होता, बायको मागच्या बाकावर पदर घेऊन बसली होती. मुलीला आणलं नव्हतं. सासऱ्याच्या वकिलानं सांगितलं की ह्या इसमाला मुलीची आस्था नाही. माझ्या वकिलानं वही पुढं केली. ती देताना त्यालाच लाज वाटत होती.

साहेबांनी पान उलटलं. सोमवार. दुसरं. सोमवार. भराभर शेवटपर्यंत गेले, परत पहिल्यापासून आले. कारकुनाला कॅलेंडर आणायला सांगितलं. तारखा लावून बघितल्या. मधला एक सोमवार नव्हता. त्या दिवशी माझ्या उसाला तोड आली होती, कारखान्याच्या गाड्या बांधावर उभ्या. बाकी ओळीनं होते. सासऱ्याचा वकील म्हणाला, ही लहान मुलाची वही आहे, अक्षर बघा. माझा म्हणाला, साहेब, हेच अक्षर माझ्या पक्षकाराचं आहे. सारं कोर्ट हसलं. मीही हसलो. काय करणार.

मग साहेब एका पानावर थांबले आणि मोठ्यानं वाचायला लागले. गुरुजींनी एका सोमवारी सगळ्या वर्गाला पाच ओळी लिहायला सांगितल्या होत्या, माझे घर. मी लिहिलं होतं ते साहेबांनी माझ्या चुकांसकट वाचलं.

"माझे घर मोठे आहे. घरात कोनी नाही. चुल बंद आहे. मी हाटेलात चहा पीतो."

खाली गुरुजींचा लाल शेरा होता, तोही वाचला. पाच ओळी सांगितल्या होत्या. चारच आहेत.

ह्या खेपेला कुणी हसलं नाही. मला मान वर करवेना. घरातलं असं चव्हाट्यावर कधी बोललो नव्हतो. भावकीपुढं नाही, आई होती तेव्हा तिच्यापुढंही नाही. पहिलीच्या पोरांत बसून लिहून गेलो होतो, कारण तिथं सगळेच घराबद्दल लिहीत होते.

साहेब म्हणाले, मागं बसल्या आहेत त्या बाईंना पुढं बोलवा. आठ-नऊ महिन्यांत तिला "मान्य आहे का" याच्यापलीकडं कोर्टानं काही विचारलं असेल तर ते हेच. हा माणूस येत होता का?

तिनं बापाकडं पाहिलं नाही. माझ्याकडंही नाही. म्हणाली, "येत हुता. एक सोमवार तेवढा चुकला. त्या दिशी पोरीनं साळंतली भाकर तशीच माघारी आनली."

सासऱ्याच्या वकिलानं काहीतरी विचारायला तोंड उघडलं. साहेबांनी हातानं थांबवलं. सासऱ्याचा अर्ज फेटाळला गेला. मग साहेबांनाही जरा लाज वाटली असावी. कागदावर शिक्का त्यांचाच होता. तिला म्हणाले, बाई, हा वार चुकीचा पडला आहे. तुमची हरकत नसेल तर आत्ता रविवार करून देतो.

ती म्हणाली, "नगं साहेब. रविवारी साळा नसती. ह्यांचं शिक्षान बुडंल."

पट्टेवालासुद्धा हसला. सासरा हसला नाही, पण त्यानं डोक्याचा फेटा काढून मांडीवर ठेवला. हे मी पाहिलं.

बाहेर आवारात मी नळावर तोंड धूत होतो. ती फडकं घेऊन आली. पायरीवर सोडलं. भाकरी, ठेचा, आणि वाटीत थोडी बुंदी होती. बुंदी कुठून आणली विचारायचं मला धाडस झालं नाही.

म्हणाली, "जेवा. त्या पंगतीपास्नं उपाशी हाईसा."

मी जेवलो. ती म्हणाली, परीक्षा झाल्याशिवाय पोरीला हलवायची नाही. आणि न्यायला यायचं तर चावडीवर थांबून निरोप धाडायचा नाही. घरात यायचं. उंबरा वलांडून.

एप्रिलात परीक्षा झाली. पोरगी पास झाली. मला गुरुजींनी पास केलं नाही, पण नापासही म्हणाले नाहीत. शपथ मोडून मी सासऱ्याच्या घरात गेलो, सोमवारीच. सासऱ्यानं ओसरीवर एकच पाट मांडला होता. एकच ताट. बाकी सगळी घरची माणसं भिंतीला टेकून उभी. म्हणाला, "बसा. पयली पंगत."

एकट्याची पंगत. गुमान बसलो आणि जेवलो. फेट्याचा विषय त्यानंही काढला नाही, मीही नाही.

त्यानंतर आम्ही चाळीसच्या वर वर्षं एका घरात काढली. भांडलो नाही असं नाही. लय भांडलो. ती चिडली की म्हणायची, पाचवी वळ लिवली का? मी म्हणायचो, सुचली की लिहीन.

तिच्या शेवटच्या दुखण्यात, सांगलीच्या दवाखान्यात, एकदा मी तिला विचारलं. तू चौथी पास, कागद वाचलेला. पोरीला शाळेत घालणार हे तुला ठाऊक होतं. सोमवार पडतोय म्हणून बोलली का नाहीस?

डोळे मिटूनच म्हणाली, "मला कुनी इचारलं?"

पुढं म्हणाली, "आनि वाटलं, दोन सोमवार येशिला, मग दमशिला. दमला आसता तर मी सुटले आसते." मग डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. "लय चिवट निघाला."

आता मुलगी सांगलीला असते. तिची पोरंही मोठी झाली. म्हणते, आबा, माझ्याकडं या, एकटे राहू नका. जाईन कधीतरी. पण बैल आता कुणाकडंच राहिले नाहीत, ट्रॅक्टरला सोमवार नसतो, तरी सोमवारी माझ्यानं घर सोडवत नाही. मुलगी सोमवारीच फोन करते. अकराच्या सुमाराला.

वही पुढ्यात घेऊन बसलो आहे. त्या चार ओळी परत वाचल्या. घर मोठं आहे. घरात कोणी नाही. एवढं तसंच आहे. पुढच्या दोन मात्र आता खोट्या. चूल मी रोज पेटवतो. चहा घरीच करतो. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तिनं मला ओट्यापाशी उभं करून दोनदा करून दाखवला होता, आणि तिसऱ्यांदा माझ्याकडून करून घेतला होता. आलं जास्त पडलं, म्हणाली, पुन्यांदा.